घोंगडीवर ठेवलेली चांदी

२२ एप्रिल २००१, रविवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. मुरबाडच्या आमच्या संग्रहालयाचे कुलूप उघडण्यासाठी मी जिना चढलो तेव्हा वरच्या पायरीवर किन्हवलीकडची एक आजीबाई आधीच बसलेली होती. तिच्या शेजारी शहापूरचा सोनार उभा होता. त्याच्या हातात कातड्याची पिशवी होती आणि चेहऱ्यावर मयताला आलेल्या लांबच्या नातेवाइकाचा बेताचा गंभीरपणा होता.

"मास्तर," आजीबाई गुडघ्यावर हात देऊन उठत म्हणाली, "आज माझी चांदी पारखायला मानूस आनलाय. तुमी जरा बाजूला उभं ऱ्हा."

मी बाजूला उभा राहिलो नाही. कुलूप माझ्याकडे होते.

संग्रहालय हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात ती वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची एक खोली होती. शाळेतून विज्ञानाचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी तिची देखरेख पत्करली. खोलीत लाकडी नांगर, भात मोजायच्या पायल्या, पितळी समयांचे एक कपाट आणि चांदीच्या दागिन्यांचे एक कपाट होते. यातले काहीही संग्रहालयाच्या मालकीचे नव्हते. सगळे आसपासच्या घरांतून मागून आणलेले होते आणि ते केवळ माझ्या शब्दावर तिथे राहिले होते. एखाद्या घराने संशय घेऊन आपली वस्तू उचलली, तर उरलेली घरे त्याच आठवड्यात जिन्यावर रांग लावतील, याविषयी मला शंका नव्हती. खोलीत मग नांगर तेवढा राहिला असता. तो कोणालाच परत नको होता.

आजीबाईची चांदी हा या खोलीचा मान होता. रुंद कंबरपट्टा, त्यावर मोर कोरलेले, गळ्यातली जड सरी, दंडातल्या वाक्या, पायातले तोडे. तिच्या नातीचे लग्न भातसानगरच्या धरणाच्या वसाहतीतल्या एका नोकरदार मुलाशी ठरले होते. पौषात मुलाकडची मंडळी मुद्दाम संग्रहालयात आली आणि काचेतून ही चांदी पाहून गेली. तेव्हा ती पांढरीशुभ्र होती. होळीच्या सुमारास तिच्यावर पिवळट झाक आली, मग तपकिरी, मग जांभळी. आता ती काळी होती आणि लग्न वैशाखात होते. मुलाकडच्यांनी पाहिलेली चांदी आणि मुलीच्या अंगावर येणारी चांदी एकच आहे, हे आजीबाईला मांडवात सिद्ध करावे लागणार होते. त्याआधी मला ते तिच्यापुढे सिद्ध करायचे होते.

मी कपाट उघडले. सोनाराने कंबरपट्टा उचलून उलटा केला. वरची बाजू काळपट तपकिरी होती. घोंगडीला टेकलेली खालची बाजू तव्यासारखी झाली होती.

"ही माझी नाय," आजीबाई म्हणाली.

"तुमचीच आहे."

"माझी दुधावानी होती. ही टोपाच्या बुडावानी हाय. मास्तर, खरं सांगा. माझी कुनाला इकली आन ही कुटनं आनली?"

"आजीबाई, मी विकली असती, तर बदली म्हणून पांढरी आणून ठेवली असती. काळी कशाला आणू?"

तिने यावर विचार केला. "ते बी खरं," ती म्हणाली. "पन तुमी मास्तर लोक. आमी आसाच इचार करू हे तुमाला आधीच ठावं आसनार."

मी सोनाराला खुर्ची दिली.

सोनार पारख करत असताना या खोलीतल्या हवेविषयी सांगणे आवश्यक आहे. इथे येणारा माणूस आधी वस्तू पाहतो. मी आधी नाक वापरत असे. उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याकडे शेतकरी राब भाजतात. भाताची रोपे टाकायच्या जागेवर पाला, गवत आणि शेण पसरून पेटवतात. त्या दिवसांत मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांवर निळा धूर झोपलेला असतो आणि खिडकी उघडली की आत येऊन बसतो. रस्त्यावरची धूळ वेगळी. बाजाराच्या दिवशी बायका सुकटीच्या पिशव्या घेऊन वर येत. त्यांच्यासाठी मी दाराबाहेर खुंट्या ठोकल्या होत्या.

सगळ्यात अवघड प्रकरण उदबत्तीचे होते. जुना कंबरपट्टा काचेत पाहिला की बायकांचे हात आपोआप जुळत. घरातली गेलेली म्हातारी तो घालून समोर उभी आहे अशा भावनेने त्या कपाटापुढे उदबत्ती लावत आणि काचेवर हळदकुंकू वाहत. काजळी धरते म्हणून मी पाटी लावली: येथे उदबत्ती लावू नये. येथील वस्तू देव नाहीत. आठवडाभरात पाटीलाच हळदकुंकू लागले. पाटी पुसण्याचे काम वाढले, एवढाच त्या पाटीचा परिणाम झाला.

माघ संपताना मी चांदीच्या कपाटाच्या दाराला कडेने सुती पट्टी लावली आणि तिच्यावर मेण चोळले. आता धुराचा कण आत जाणार नव्हता. गेलाही नाही. चांदी मात्र त्यानंतरच काळी पडू लागली.

हे विचित्र होते. शेजारच्या समयांच्या कपाटाची दारे सैल होती, त्याच्यापुढे उदबत्त्याही तितक्याच जळल्या होत्या, तरी समया ठीक होत्या. म्हणजे शत्रू बाहेरून येत नव्हता. तो आत होता आणि मी मेण लावून त्याला आत कोंडले होते. आत काच होती, जुने सागवान होते आणि आमच्या अध्यक्षांची घोंगडी होती.

अध्यक्ष हे गावातले वजनदार गृहस्थ. ही खोली त्यांच्या शब्दामुळे मिळाली होती. चांदीखाली घातलेले फिकट निळे कापड त्यांना दरिद्री वाटे. पौषात ते म्हसा गावच्या जत्रेला गेले आणि तिथून काळीभोर घोंगडी घेऊन आले. जत्रेतल्या व्यापाऱ्यापुढे त्यांनी तिचे एक सूत काढून काडीने जाळले होते. जळक्या केसांचा वास आला तेव्हाच पैसे मोजले, हे त्यांनी मला जिन्यावर एकदा आणि खोलीत दोनदा सांगितले. मग नारळ फोडून ती कपाटात अंथरली. मुलाकडची मंडळी आली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी. "काळ्यावर चांदी कशी उठून दिसते, बघा गुरुजी," अध्यक्ष म्हणाले. दिसत होती. एकदा मी ती झटकायच्या निमित्ताने काढून बाहेर वाळत टाकली. तासाभरात अध्यक्ष आले, त्यांनी स्वतःच्या हाताने ती पुन्हा अंथरली आणि कोपरे दुमडून दिले.

तोंडी आरोप करून उपयोग नव्हता. होळीनंतर मी शाळेच्या प्रयोगशाळेतून रुंद तोंडाच्या बाटल्या मागून आणल्या. घरातल्या फुटक्या अत्तरदाणीच्या चांदीचे तुकडे कापून, लखलखीत घासून, प्रत्येक बाटलीत ओल्या कापसाच्या बोळ्यासह एकेक ठेवला. एका बाटलीत उदबत्तीची राख घातली, एकीत कपाटाच्या लाकडाचा कपचा, एकीत घोंगडीच्या दुमडलेल्या कोपऱ्यातून उपटलेली लोकर. एक बाटली रिकामी ठेवली. झाकणे घट्ट लावून सगळ्या पश्चिमेच्या खिडकीत उन्हात मांडल्या. अध्यक्षांनी विचारले तेव्हा मी त्यांना लोणच्याचा प्रयोग आहे असे सांगितले. त्यांना लोणच्यात रस नव्हता.

लोकरीच्या बाटलीतला तुकडा काळा झाला. बाकीचे जवळजवळ होते तसेच राहिले. निकाल माझ्या हातात होता. तो अध्यक्षांना कोणत्या शब्दांत सांगावा हे ठरत नव्हते. ते ठरायच्या आत आजीबाई आली.

सोनाराने कसोटीच्या दगडावर पट्ट्याची कड घासली, त्या रेघेवर पिशवीतल्या तेजाबाच्या बाटलीतला थेंब सोडला आणि दगड खिडकीशी नेऊन पाहिला.

"चांदी आहे," तो म्हणाला. "जुनी आहे. अस्सल आहे, आजी. अशी आता मिळत नाही."

"मंग काळी कशी?"

"अस्सल चांदी काळी पडतेच. तिची जातच तशी."

आजीबाईने पट्ट्यावर नख ओढून पाहिले. तिला ते पटले असे सोनाराला वाटले. मला तसे वाटले नाही.

"सोनारदादा," ती म्हणाली, "थोरल्या नातीच्या लग्नाला तुमच्याकडनं पैंजन नेलं नाय का आमी?"

"नेले की. छान वजनदार."

"पोर दोन लेकरांची आय झाली. शेनात हात घालती, लावनीला चिखलात उभी ऱ्हाती. पैंजन आजून टकटकीत पांढरं."

"आमचं पॉलिश चांगलं असतं, आजी."

"पॉलिश चांगलं हाय, त्याला मी कवा नाय म्हनते? पॉलिशच्या खाली काय हाय, ते इचारते."

सोनाराने कसोटीचा दगड पुसून पिशवीत ठेवला. तो दगड त्याने जरा जास्त वेळ पुसला.

मी खिडकीतल्या बाटल्या आणून टेबलावर मांडल्या आणि आजीबाईला समजावून सांगितले. लोकरीत गंधक असते. उकडलेल्या अंड्याला ज्याच्यामुळे वास येतो, तेच. कपाटावर ऊन आले की घोंगडी तापते आणि तिच्यातून ते थोडे थोडे हवेत उतरते. उघड्यावर ते वाऱ्याने निघून जाईल. बंद कपाटात त्याला चांदीवर बसण्याशिवाय दुसरी जागा नसते.

तिने लोकरीची बाटली उचलून डोळ्याजवळ धरली. मग झाकण उघडून हुंगले.

"मंग आमी जलमभर घोंगडी पांघरतो, आमी का काळं पडलो नाय?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "पडलोच हाय म्हना," असे तीच म्हणाली.

नेमके तेव्हा जिन्यावर अध्यक्षांची पावले वाजली. रविवारी सकाळी ते एक चक्कर टाकत. दारात येताच त्यांना उघडे कपाट, टेबलावरचा काळा पट्टा आणि सोनार दिसला.

"काय चाललंय, गुरुजी?"

मी वाक्य जुळवत होतो. आजीबाईला वाक्य जुळवावे लागले नाही.

"साहेब, तुमच्या घोंगडीनं माझी चांदी खाल्ली. मास्तरांनी बाटलीत घालून दावलं."

अध्यक्षांचा चेहरा हळूहळू लाल झाला. त्यांनी आधी बाटली पाहिली, मग घोंगडीचा दुमडलेला कोपरा उलगडला. तिथे उपटल्याची जागा होती.

"हे लोणचं का, गुरुजी?"

"हो."

"माझी घोंगडी खराब निघाली, असं तुमचं म्हणणं?"

या प्रश्नावर खोलीचे भवितव्य अवलंबून होते. मी सावकाश बोललो.

"अध्यक्षसाहेब, घोंगडी खराब असती, तर हे झालेच नसते. हल्ली जत्रेत मिसळीच्या घोंगड्या येतात. त्यांत कारखान्यातला कृत्रिम धागा घातलेला असतो. त्या धाग्यात गंधक नाही. तसल्या घोंगडीवर ही चांदी फार काळ पांढरी राहिली असती. तुमची घोंगडी निव्वळ लोकरीची आहे, म्हणून चांदी इतकी काळी पडली."

अध्यक्षांनी घोंगडीचा कोपरा खाली सोडला.

"मी सूत जाळून घेतली होती," ते म्हणाले.

"त्याच सुताचा हा पुरावा आहे."

"ऐकलंत?" ते सोनाराकडे वळले. "त्या व्यापाऱ्याला मी तोंडावर सांगितलं होतं, मला फसवू नकोस. केसाचा वास आला तेव्हाच घेतली." त्यांनी काळा पट्टा हातात घेऊन, एखादे प्रशस्तिपत्र पाहावे तसा पाहिला. "काय काळी केलीय. वा."

"आणि चांदीही अस्सल म्हणूनच काळी पडली," मी पुढे जोडले. "सोनारांनी आताच तसे सांगितले."

रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे अर्धेच खरे होते. तांबे मिसळलेली चांदी तर अधिकच लवकर काळी पडते. उरलेले अर्धे सोनाराला माहीत होते आणि मलाही माहीत होते. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले. पैंजणांचा विषय पुन्हा निघू नये अशी त्याची इच्छा असावी.

"म्हंजी घोंगडी अस्सल, चांदी अस्सल," आजीबाई म्हणाली. "दोगांचं बी भलं झालं. आन माझ्या पोरीनं मांडवात काळा पट्टा घालून उभं ऱ्हायचं?"

सोनाराला बोलायला संधी मिळाली. "मी शहापूरला नेतो. तेजाबात बुडवून, घासून, परवापर्यंत आरशासारखी करून देतो."

"नको," मी म्हणालो. "प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते. हे मोर आधीच पातळ झालेले आहेत."

"आन माझ्या डोळ्याआड बी न्यायची नाय," आजीबाईने भर घातली. तिच्या आणि माझ्या कारणांत फरक होता. निष्कर्ष एकच होता.

खाली वाचनालयाच्या दाराशी चहावाला बसे. त्याचे ॲल्युमिनियमचे मोठे पातेले मी मागितले. "गुरुजी, ह्यात मी दूध तापवतो," तो म्हणाला. "आज काळा चहा विका," असे त्याला अध्यक्षांनीच वरून ओरडून सांगितले. त्यांचा उत्साह आता थांबण्यासारखा नव्हता. वाचनालयातला स्टोव्ह त्यांनी उचलला, पातेले मी. खिडक्या सगळ्या उघडल्या. पाणी खळखळल्यावर मी त्यात खाण्याचा सोडा आणि मीठ टाकले.

"माझी चांदी भाजीवानी शिजवनार?"

"चण्याला सोडा घालता ना, तसा. चांदी पातेल्याला टेकली पाहिजे. तिच्यावरचा काळा थर सुटतो आणि पातेले काळे होते. चांदी झिजत नाही."

"आदी वाकी घाला. पट्टा मागनं."

तिचे म्हणणे योग्य होते. मी एक वाकी दोऱ्याने बांधून पाण्यात सोडली. थोड्याच वेळात नासलेल्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला. सोनाराने रुमाल नाकाला लावला. अध्यक्षांनी छाती भरून श्वास घेतला.

"हा घोंगडीचाच वास ना, गुरुजी?"

"तोच."

"अस्सल."

मी दोरा ओढला. वाकी पांढरी होऊन वर आली. आजीबाईने ती पदराने पुसली, दंडाला लावून पाहिली, मग आतल्या बाजूला अंगठा फिरवून चाचपले. तिथे एक जुना ठोका होता, भिंतीवर आपटून पडलेला. तो कधी आणि कोणामुळे पडला हे तिला ठाऊक असावे. अंगठा त्या ठोक्यावर थांबला. तिने मान खाली केली.

"माझीच हाय," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिले नाही. "घाला पट्टा."

पट्टा पातेल्यात मावेना. तो अर्धा अर्धा घालावा लागला. मी वेळ पाहून बाहेर काढू लागलो, तर तिने माझे मनगट धरले.

"आनखी जरा ऱ्हाऊ द्या. कडंला काळं दिसतंय."

"पुरे झाले आहे."

"मास्तर, कदी सैपाक केलाय का? मी सांगते तवा काढा."

मी ती सांगेपर्यंत थांबलो. पट्टा बाहेर आला तेव्हा तो इतका पांढरा होता की त्याच्यावर काही कोरलेले आहे हे कळेना. पूर्वी खाचांतल्या जुन्या काळेपणामुळे मोर उठून दिसत. तो काळेपणाही गेला होता.

"मोर कुटं गेला?" आजीबाई म्हणाली.

"आहे तिथेच. दिसत नाही."

"हे तर स्टीलचं वाटतंय." ती पट्टा तिरपा धरून उजेडात पाहू लागली. "आता नवरदेवाची आय म्हनंल, म्हातारीनं भांड्याच्या दुकानातनं आनला."

सोनार पहिल्यांदा हसला. "मी खाचांत काळं भरून देतो, आजी. आमच्याकडे औषध असतं."

"ते औषध गंधकाचेच असते," मी म्हणालो.

हे ऐकून अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "मग पुन्हा घोंगडीवर ठेवा. आहे की."

सकाळभर जे काढले तेच परत घालण्याचे दोन मार्ग एका दमात पुढे आले होते. आजीबाईने दोन्ही नाकारले. "लग्नात पोर घामंजंल," ती म्हणाली, "हळद लागंल, धग लागंल. मोर आपसूक वर येतील." तिने सरी आणि तोडे थोडक्यात उकळून घेतले, या वेळी मी दोरा ओढला तेव्हा ती मध्ये पडली नाही.

दागिने बांधायला मी धुतलेले, बिनखळीचे मांजरपाट दिले. तिने गाठोडे बांधले आणि मग अध्यक्षांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, त्या घोंगडीचा टुकडा मिळंल का?"

"कशाला, आजी?"

"मुलाकडनं बी पोरीच्या अंगावर चांदी येनार हाय. जोडवी, साखळी, काय काय. म्हनतात, अस्सल हाय." तिने गाठोडे काखेत मारले. "लग्नात लोकांम्होरं कसं इचारायचं? टुकड्यात गुंडाळून ठिवीन महिनाभर. काय ते कळंल."

तांब्याची भेसळ असलेली चांदीही या तुकड्यात काळीच पडेल, हे रसायनशास्त्राचे उरलेले अर्धे मी सांगायला हवे होते. सांगितले नाही. अध्यक्षांनी सोनाराची कात्री मागून घेतली आणि घोंगडीचा चांगला हातभर तुकडा स्वतः कापून दिला. सोनार त्या वेळी खिडकीतून समोरच्या चिंचेकडे पाहत होता.

चांदीचे कपाट आता पूर्ण रिकामे झाले होते. काचेत फक्त घोंगडी उरली होती, तीही कापलेली. आजीबाई दाराकडे निघाली. पुन्हा आणाल का, असे विचारणे माझ्या स्वभावात नाही.

"कपाट रिकामे राहील," मी म्हणालो.

ती उंबऱ्यावर थांबली.

"पाचपरतवनीला पोर घरी आली, का आनून ठिवते."

"तोपर्यंत तुमचा विश्वास—"

"इस्वासाचं काय घिऊन बसलात, मास्तर. सासूच्या कपाटाला एक चावी आसती आन ती सासूच्या कनवटीला. तुमच्या कपाटाला काच हाय. पोरीला कवा बी येऊन बघता येईल, हाय का नाय ते. आन तिच्या सासूला बी बघता येईल." तिने पायात चप्पल सरकवली. "मी पयल्यांदा दिली ती काय तुमच्या नांगराकडं बघून दिली व्हय?"

ती जिना उतरली. सोनार तिच्यामागे एक पायरी ठेवून उतरत होता. खाली गेल्यावर तिचा आवाज वर ऐकू आला: "दादा, आता थोरलीकडं जाऊन ते पैंजन बी मागून घेते. टुकडा मोठा हाय." किन्हवलीच्या एसटीला अवकाश होता. तो वेळ तिने स्टँडवर कसा घालवला, हे मला दुपारी कळले.

तीनच्या सुमारास बाजारपेठेतून दोन बायका वर आल्या. या दोघींच्या घरच्या समया आमच्याकडे होत्या. त्या समया परत मागायला आल्या असे समजून मी किल्ली शोधू लागलो. त्यांना समयांशी कर्तव्य नव्हते. एकीच्या रुमालात नवा छल्ला होता, दुसरीच्या मुठीत बाळाचे वाळे होते. "गुरुजी, ती खरंखोटं सांगनारी घोंगडी हितंच हाय ना?" असे त्यांनी विचारले. घोंगडी नुकतीच गेली आहे, असे मी सांगितले. ते खरे होते. अध्यक्षांनी उरलेली घोंगडी घडी करून, सत्कारात मिळालेल्या शालीसारखी खांद्यावर टाकून घरी नेली होती. बायका अध्यक्षांच्या घराचा रस्ता विचारून निघाल्या. जाताना एकीने रिकाम्या कपाटाला हात जोडले.

त्या गेल्यावर मी दाराच्या कडेची मेणाची पट्टी सोलून काढली, कपाटाचे तळ ओल्या फडक्याने पुसले, फिकट निळे कापड पेटीतून काढून ते पुन्हा घालता येईल का पाहिले, आणि त्याला रंगाचा वास येत असल्याने घातले नाही. मांजरपाट आणखी लागणार होते. ते उद्या आणायचे ठरवले. कपाटाची दारे उघडीच ठेवली. खिडक्या बंद केल्या, कारण पलीकडच्या वाडीत कोणीतरी राब पेटवला होता.

मग पातेले घेऊन खाली नळावर गेलो. आतून ते पार काळवंडले होते. चहावाला हात कमरेवर ठेवून शेजारी उभा राहिला आणि दुधाविषयी पुन्हा बोलू लागला. मी त्याच्या चुलीतली राख आणि थोडी चिंच मागून घेतली, पातेले आतून बाहेरून घासले, तीन पाण्यांनी धुतले, नाकाशी नेऊन तपासले आणि त्याच्या फळीवर उपडे घातले.